चिंचोके, काड्या आणि पहिले गणित



आज मला आपल्याशी लहान मुलांच्या गणिताविषयी बोलायचे आहे. लहान म्हणजे अगदी लहान. अंगणवाडीतली आणि पहिली-दुसरीतली मुले. त्यांच्या गणिताला काय काय लागते, असे विचारले तर बहुतेक जण सांगतील, पाटी, पेन्सिल आणि उजळणीचे पुस्तक. ही सामग्री लागतेच, नाही असे नाही. पण ती पुढे. आधी लागतात मूठभर चिंचोके, एक जुडी काड्या आणि नारळाच्या दोन करवंट्या.

घरी पाहुणा आला की आपण मुलाला पुढे करतो. ‘बाळ, मामांना अंक म्हणून दाखव.’ मूल एका दमात शंभरापर्यंत जाते, आणि सगळ्यांना आनंद होतो. आता आपण एक करून बघा. त्याच मुलापुढे पंधरा-वीस चिंचोके ठेवा आणि म्हणा, ‘मला यातले सात दे बरं.’ पुष्कळ मुले अशा वेळी नुसती मूठ भरून देतात. काही मोजायला लागतात, पण सातावर थांबत नाहीत. ढीग संपेपर्यंत मोजत राहतात. काहींचे बोट मागे राहते आणि तोंड पुढे जाते. म्हणजे या मुलांना आकड्यांचे गाणे आले आहे, मोजणे अजून आलेले नाही. गाणे येणे वाईट नाही, तेही लागतेच. पण गाणे आले म्हणजे गणित आले, असे धरून आपण पुढे पळालो, की तिथेच पहिली ठेच लागते, आणि ती ठेच मुलाच्या लक्षात राहते.

मोजणे ही दिसते तेवढी सोपी गोष्ट नाही. रोशेल गेलमन आणि गॅलिस्टेल या दोघा अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली एका पुस्तकात मोजण्याचे पाच नियम सांगितले. साध्या भाषेत ते असे. एका वस्तूला एकच आकडा द्यायचा; कुठली वस्तू वगळायची नाही, कुठली दोनदा धरायची नाही. आकडे ठरलेल्या क्रमानेच म्हणायचे. शेवटी जो आकडा आला, तो त्या शेवटच्या वस्तूचे नाव नव्हे. ती सगळ्यांची मिळून संख्या. मोजायची वस्तू कसलीही चालते, बैल असो की बांगडी. आणि मोजायला डावीकडून लागा की उजवीकडून, उत्तर एकच. मोठ्यांना यात काही विशेष वाटणार नाही. पण चार वर्षांच्या मुलाला यातला तिसरा नियम फार अवघड जातो. पाच चिंचोके मोजून झाल्यावर ‘मग एकूण किती?’ असे विचारले, की ते पुन्हा पहिल्यापासून मोजू लागते. ‘पाच’ हे सगळ्यांचे मिळून उत्तर आहे, हे त्याला अजून उमगलेले नसते. ते सांगून उमगत नाही. हाताने पुष्कळ वेळा मोजून, देऊन, घेऊन मग उमगते.

स्वित्झर्लंडचे शास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी मुलांना एक प्रश्न घातला होता. तो आपण घरीही घालून पाहावा. सहा चिंचोक्यांची एक ओळ मांडा, तिच्यासमोर सहा खड्यांची दुसरी ओळ. दोन्ही सारख्या आहेत, हे मुलाकडून कबूल करून घ्या. मग त्याच्या डोळ्यांदेखत खड्यांची ओळ लांबवा, आणि विचारा, ‘आता चिंचोके जास्त, की खडे जास्त, की सारखेच?’ पाच वर्षांचे मूल बहुधा म्हणेल, खडे जास्त. ओळ लांब दिसते ना! सात-आठ वर्षांचे म्हणेल, तेवढेच आहेत, तुम्ही नुसते सरकवले. प्रश्न विचारण्याची रीत बदलली तर काही मुले लवकरही बरोबर सांगतात, असे पुढच्या संशोधकांना दिसले. आपण यातून एवढेच घ्यावे, की चुकणाऱ्या मुलावर रागावू नये. ते डोळ्यांना दिसते तेच सांगत असते. त्याला पुन्हा एका चिंचोक्यासमोर एक खडा असे लावू द्यावे. हळूहळू डोळ्यांची जागा विचार घेतो.

आता कोणी म्हणेल, हे सगळे परदेशी पंडितांचे झाले. आपल्याकडे याचे काय? श्रोतेहो, आपल्याकडे तर हे घरोघर होते. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास ‘लीलावती’ रचली, तिच्यात सुरुवातीलाच नाण्यांचे कोष्टक आहे, आणि ते कवड्यांपासून सुरू होते. २० कवड्यांची एक काकिणी. आपल्या आज्या सागरगोटे खेळल्या. एक उडवायचा, खालचे दोन उचलायचे, मग तीन. हा हाताचा खेळ, पण त्यात गटाने मोजणे आलेच. चल्लस-आठ खेळताना चार कवड्या टाकायच्या, किती उताण्या पडल्या ते एका नजरेत ओळखायचे आणि तेवढी घरे सोंगटी पुढे न्यायची. कवड्या नसल्या तर चिंचोके फोडून त्यांच्या डाळी घ्यायच्या. एक बाजू काळी, एक पांढरी. अंगठा बोटांच्या कांड्यांवरून फिरवत एका हातावर बारापर्यंत मोजणारे म्हातारे आपण पाहिले आहेत. खळ्यावर धान्य मापताना पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणायचे. मापाबरोबर आकडा चालायचा. आणि कडब्याच्या पेंढ्या मोजताना पाच पेंढ्यांचा एक पाचुंदा. एकेक न मोजता गटाने मोजणे, ही गणितातली फार मोठी युक्ती आहे, आणि ती शेतकऱ्याच्या तोंडी आहे.

शाळेत मात्र हा हाताचा व्यवहार फार उशिरा शिरला. जर्मनीत फ्रोबेल यांनी १८३७ साली लहान मुलांची शाळा काढली आणि चेंडू, ठोकळे अशी खेळणी हीच अभ्यासाची साधने केली. इटलीत मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोमच्या गरीब वस्तीत बालगृह सुरू केले. त्यांचे मणी प्रसिद्ध आहेत: सुटा मणी म्हणजे एक, तारेत ओवलेले दहा मणी म्हणजे दहा, तशा दहा तारांचा चौकोन म्हणजे शंभर, आणि दहा चौकोनांचा ठोकळा म्हणजे हजार. त्या स्वतः १९३९ साली भारतात आल्या आणि युद्धाच्या काळात इथेच राहिल्या. भावनगरला गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी बालशिक्षणाचे काम त्याआधीच उभे केले होते. पण ही साधने महाग. खेड्यात कुठून आणायची? हा प्रश्न ताराबाईंनी आणि अनुताई वाघ यांनी सोडवला. १९४५ साली बोर्डीला त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांत काम नेले. तिथे शिंपले, खडे, बिया, पाने, काटक्या हेच साहित्य झाले. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळा पाड्यावरच्या अंगणात न्यायची. त्यातूनच अंगणवाडी हा शब्द आला. १९७५ मध्ये सरकारने देशभर बालविकासाची योजना सुरू केली, तेव्हा हेच नाव गावोगाव पोचले. तेव्हा चिंचोक्यांनी गणित शिकवणे ही गरिबीतली तडजोड आहे, असे कोणी समजू नये.

आता सामानाकडे वळू. फेब्रुवारी ते एप्रिल हे चिंचा फोडायचे दिवस. त्या वेळी घराघरात चिंचोक्यांचे ढीग असतात. एका मुलाला वीस या हिशेबाने तीस मुलांच्या वर्गाला सहाशे चिंचोके लागतील. ते एका घरातून निघतील. धुऊन, उन्हात खडखडीत वाळवून डब्यात भरावे, म्हणजे कीड लागत नाही. काड्यांसाठी तुरीच्या वाळलेल्या बारीक काटक्या, बांबूच्या काड्या किंवा नारळाच्या झावळीचे हीर चालतात. बोटभर लांबीचे सारखे तुकडे करावे आणि टोके घासून घ्यावी. जुड्या बांधायला सायकलच्या फाटक्या ट्यूबच्या बारीक चकत्या कापाव्या. रबरी कडी तयार. शिवाय शंभर मण्यांची एक माळ करावी, दहा तांबडे, दहा पांढरे, पुन्हा दहा तांबडे, अशी. तिला आपण गणितमाळ म्हणतो.

इथे एक इशारा देतो, आणि तो कृपा करून लक्षात ठेवा. तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती बिया, मणी, खडे असे काहीही देऊ नये. ते तोंडात जाते, नाकात जाते, आणि घशात अडकले तर जिवावर बेतते. मोठ्या मुलांनाही मोजून द्यावे आणि मोजून परत घ्यावे. तेही गणितच झाले. आणि गुंजा मुळीच वापरू नयेत. तांबड्या-काळ्या, देखण्या दिसतात, मुलांना मोह होतो. पण गुंज चावली गेली तर ती जहाल विषारी आहे. एरंडीच्या बियाही तशाच. खेळण्यांतल्या बटणासारख्या चपट्या सेलपासूनही मुलांना दूर ठेवावे.

सामान जमले की लगेच बेरजेला लागू नये. पहिले काही दिवस मुलांना निवडू द्यावे. मोठे एकीकडे, लहान एकीकडे. काळे इकडे, पांढरे तिकडे. मग जोड्या लावू द्याव्या: प्रत्येक करवंटीत एक चिंचोका, प्रत्येक मुलासमोर एक काडी. कुणाला पुरली नाही? किती उरल्या? जास्त-कमी-सारखे हे शब्द आकड्यांच्या आधी यायला हवेत.

मग पाचापर्यंत मोजणे. घाई नको. तीन म्हणजे तीन चिंचोके, तीन खडे, तीन टाळ्या, तीन पोरे. वस्तू बदलत राहाव्या, म्हणजे ‘तीन’ हा गुण त्या सगळ्यांत सारखा आहे, हे मुलाला जाणवते. फाशावरचे ठिपके न मोजता ओळखता यायला हवेत. मग रिकामी करवंटी पुढे करावी. ‘यात किती?’ ‘काहीच नाही.’ ‘त्याला म्हणायचे शून्य.’ शून्य इतक्या सोपेपणाने दाखवता येते. पाटीवर नुसते गोल काढून ते कळत नाही.

पाचावरून दहावर आले, की एक खेळ रोज खेळावा. सात चिंचोके मुलासमोर मोजा. डोळे मिटायला सांगा आणि काही करवंटीखाली झाका. बाहेर तीन दिसतात, झाकलेले किती? मूल विचार करते, बोटे मोडते, मग सांगते, चार. करवंटी उचलून तेच पाहते, बरोबर की चूक. मास्तरांनी सांगायची गरजच नाही. या खेळाने सात म्हणजे तीन आणि चार, पाच आणि दोन, सहा आणि एक, हे अंगवळणी पडते. दहाच्या जोड्या तर पक्क्याच व्हायला हव्यात: एक-नऊ, दोन-आठ, तीन-सात, चार-सहा, पाच-पाच. का? तर पुढे आठ अधिक पाच करताना मूल आठाला दोन देऊन दहा करते, उरतात तीन, झाले तेरा. ज्याला हे येत नाही, ते बोटावर एकेक मोजत राहते, आणि तिसरी-चौथीत मोठे हिशेब आले की मागे पडते.

आता सगळ्यात महत्त्वाची पायरी, दहाची जुडी. दहा सुट्या काड्या झाल्या की कडी घालून जुडी बांधायची. दहा जुड्या झाल्या की मोठा भारा, तो शंभर. आपल्या मराठीत ही पायरी फार जपून चढावी लागते, आणि त्याचे कारण आपली संख्यानामे. लिहिताना आपण आधी दशक लिहितो, मग एकक. बोलताना मात्र आधी एकक. ‘त्रेचाळीस’ ऐकले की मुलाच्या कानावर तीन आधी पडतात, चाळीस मागून. म्हणून ते ३४ लिहिते. ‘एकोणतीस’ ऐकले की कानात तीस घुमते, मग ३९ लिहिले जाते. एकोण म्हणजे एक उणा, हे त्याला कोण सांगणार? आणि एकोणनव्वदपर्यंत ही रीत चालली, की शेवटी नव्व्याण्णव येतो आणि तीही मोडतो. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असे वाचन सुचवले गेले, आणि महाराष्ट्रात मोठा वाद झाला. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांचे म्हणणे होते की, मुलांना संख्या कळणे सोपे जावे. भाषेच्या प्रेमातून ज्यांनी विरोध केला, त्यांची तळमळही खोटी नव्हती. त्या वादात मी शिरत नाही. शिक्षकाच्या हाती मात्र एक उपाय नक्की आहे. ‘त्रेचाळीस’ म्हटले की मुलाने चार जुड्या आणि तीन काड्या उचलायच्या, मांडायच्या, ‘चाळीस आणि तीन, त्रेचाळीस’ असे म्हणायचे, आणि मग ४३ लिहायचे. एकोणतीस म्हटले की तीन जुड्या घ्यायच्या, आणि एक सोडून तिच्यातली एक काडी काढून घ्यायची. शब्द, वस्तू आणि आकडा असे तिन्ही एका वेळी पुढे आले, की भाषाही सांभाळली जाते आणि गणितही.

हातच्याची वजाबाकी मुलांना का जड जाते, तेही काड्यांवर दिसते. बेचाळीसातून सतरा वजा करा. फळ्यावर पुष्कळ मुले सातातून दोन काढतात, चारातून एक, आणि ३५ लिहून मोकळी होतात. मोठ्यातून लहान काढायचे, एवढेच त्यांनी धरलेले असते. आता तेच काड्यांनी करू द्या. चार जुड्या, दोन सुट्या. सात सुट्या द्यायच्या आहेत, आहेत दोनच. काय करशील? मूल स्वतःच म्हणते, ‘जुडी सोडतो.’ सोडली, सुट्या झाल्या बारा, जुड्या राहिल्या तीन. सात दिल्या, पाच उरल्या. एक जुडी दिली, दोन उरल्या. पंचवीस. ‘हातचा घेतला’ म्हणजे जुडी सोडली. हे एकदा हाताने केले की फळ्यावरचे चिन्ह त्याला परके वाटत नाही.

वजाबाकीचा आणखी एक प्रकार आहे, तो आपण विसरतो. ‘गोदाकडे नऊ चिंचोके, सखूकडे पाच, गोदाकडे किती जास्त?’ इथे कोणी काही काढून घेतलेले नाही. ‘जास्त’ हा शब्द ऐकून मुले बेरीज करतात आणि चौदा सांगतात. दोन ओळी समोरासमोर मांडल्या, पाचाला पाच जोडले, की उरलेले चार डोळ्यांसमोर असतात.

गुणाकाराचेही तसेच. वांग्याची रोपे लावतात तसे चिंचोके ओळीने मांडा: तीन ओळी, प्रत्येकीत चार. मग पाट फिरवा. आता चार ओळी, प्रत्येकीत तीन. बारा ते बाराच. पाढ्यातला निम्मा भार तिथेच उतरला. सात ओळींत आठ-आठ मांडले आणि मधे एक काडी आडवी ठेवून पाच ओळी आणि दोन ओळी वेगळ्या केल्या, की चाळीस आणि सोळा, छप्पन्न. पाढे पाठ करू नयेत, असे मी म्हणत नाही. जरूर पाठ करावे. पण जो पाठ आहे तो विसरला, तर मांडून पुन्हा काढता आला पाहिजे.

भागाकारात दोन रीती असतात. बारा चिंचोके तिघांत वाटा, प्रत्येकाला किती? आणि बारा चिंचोके, प्रत्येकाला तीन. किती जणांना पुरतील? उत्तर दोन्हीकडे चार, पण हाताची क्रिया निराळी. दोन्ही करून घ्याव्या. तेरा घेतले तर एक उरतो. बाकी म्हणजे काय, हे वेगळे समजावावे लागत नाही. अपूर्णांकाला तर आईचा तवा पुरतो: भाकरी, अर्धी भाकरी, चतकोर. चतकोर म्हणजेच पाव, हे ज्याला ठाऊक आहे, त्याला १/४ ची भीती कशाला?

आकारांविषयी एकच सांगतो. अरविंद गुप्ता यांनी आगकाडी आणि सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी एवढ्यावर भूमितीची खेळणी केली. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तीन काड्यांचा त्रिकोण करून दाबा, तो हलत नाही. चार काड्यांचा चौकोन करून दाबा, तो कलंडतो. घराच्या छपराला तिरपी वासे-तुळई का घालतात, हे मुलाला त्यातून कळते. काड्यांची गुलाची टोके मात्र आधी काढून टाकावी.

आता काही सावधगिरी. पहिली अशी, की साधन साधेच असावे. रंगीत हत्ती, मोटारी, बाहुल्या मोजायला दिल्या, की मूल हत्तीशी खेळू लागते आणि मोजणे बाजूला राहते. लहान मुलाला एकच वस्तू खेळणेही आहे आणि आकड्याची खूणही आहे, असे दोन्ही एकदम धरणे अवघड जाते, असे संशोधकही सांगतात. चिंचोक्याशी असा मोह नाही. दुसरी, की रोज नवे साधन आणू नये. एकच साधन महिनोन्‌महिने वापरले, म्हणजे मुलाचे लक्ष साधनावरून संख्येवर जाते. तिसरी, की जुडी आधी, नोट मागून. दहाच्या खेळण्यातल्या नोटेत दहा रुपये दिसत नाहीत, ते मानावे लागतात. जुडीत मात्र दहा काड्या दिसतात. नोटांचा खेळ जरूर खेळावा, विशेषतः आता. दुकानात फोनवरून पैसे दिले जातात, आणि मुलाच्या हाती सुटे पैसे मोजायचा प्रसंग फार कमी येतो.

आणि चौथी सावधगिरी ही, की साधन कधीतरी खाली ठेवायचे असते. आधी वस्तू हाताळायची, मग तिचे चित्र काढायचे, चिंचोक्यासाठी ठिपका, जुडीसाठी उभी रेघ, मग आकडा. मधली पायरी गाळू नये. जे मूल काड्यांकडे न बघता उत्तर सांगते आणि ‘कसे?’ विचारल्यावर समजावून देते, त्याला काड्यांची गरज उरली नाही. पण अडले तर परत काड्यांकडे जायला त्याला लाज वाटू देऊ नये. ‘एवढा मोठा झालास आणि अजून काड्या?’ हे वाक्य वर्गातून हद्दपार करावे.

एकाच शिक्षकाकडे दोन-तीन वर्ग असतात, तिथे हे कसे जमायचे, असे आपण विचाराल. तिथे तर याचा जास्त उपयोग. मुले दोघा-दोघांच्या जोडीने करवंटीचा खेळ खेळतात. चूक-बरोबर करवंटीच सांगते. तिसरीतली मुलगी पहिलीतल्या भावंडांना जुड्या बांधायला शिकवते, आणि शिकवता शिकवता तिचे पक्के होते. शिक्षकाने फिरत राहावे आणि सांगण्यापेक्षा विचारावे: ‘तुला कसं कळलं?’ ‘दुसऱ्या रीतीने करता येईल का?’ मूल काय बोलते ते ऐकले, की त्याचे कुठे अडते ते कळते. वहीतल्या नुसत्या फुलीवरून ते कळत नाही.

पालकांचे एक गाऱ्हाणे असते: ‘पोरं शाळेत नुसती खेळतात.’ त्यांना एक दिवस वर्गात बोलवावे आणि मुलांसमोर बसवावे. जुडी सोडून बेचाळीसातून सतरा देणारे आपले पोर पाहिल्यावर बाप पुन्हा असे म्हणणार नाही. आई-आजींनी तर वेगळा अभ्यास घ्यायलाच नको. भाकऱ्या किती, माणसे किती. कोंबड्यांनी चार अंडी काल घातली, आज तीन सापडली. बाजारातून सहा लिंबे आणली, दोन वापरली. काम चालू असताना विचारायचे, उत्तर चुकले तर वस्तूच पुढे करायच्या.

सरकारनेही आता याकडे लक्ष दिले आहे. निपुण भारत हे अभियान जुलै २०२१ मध्ये सुरू झाले. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला वाचता यावे आणि साधे हिशेब करता यावे, हे त्याचे ध्येय. फेब्रुवारी २०२३ मध्ये तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी ‘जादुई पिटारा’ हा खेळण्यांचा संचही निघाला. हे स्वागतार्हच आहे. पण पेटी कपाटात कुलपात राहिली, हरवेल-तुटेल या भीतीने मुलांच्या हाती लागलीच नाही, तर तिचा उपयोग काय? आणि पेटी आली नाही, म्हणून थांबायचेही कारण नाही. चिंचेखाली चिंचोके पडलेच आहेत.

श्रोतेहो, आठ-नऊ वर्षांचे मूल मनाशी ठरवते, ‘गणित आपलं काम नव्हे.’ ते मोठ्याने बोलत नाही, म्हणून आपल्याला ऐकू येत नाही. ऊसतोडीला आईबापांबरोबर जाऊन चार महिन्यांनी परतलेले मूल हे ठरवते. ‘मुलीला काय करायचाय हिशेब’ असे ऐकत वाढलेली मुलगी हे ठरवते. पुढे आठवडी बाजारात काट्यावर, मुकादमाच्या वहीत, बँकेच्या पुस्तकात, फवारणीच्या औषधाच्या मापात त्याची किंमत त्यांना आयुष्यभर मोजावी लागते. अशा मुलाला हुशारीची पोकळ शाबासकी नको असते. त्याच्यापुढे चिंचोके ठेवावे, जिथे त्याला येते तिथून सुरुवात करावी आणि उत्तर त्याचे त्यालाच सापडू द्यावे.

म्हणून शेवटी एकच विनंती. या आठवड्यात आपल्या घरातल्या, आपल्या वर्गातल्या एकेका मुलाला जवळ बसवा आणि सात चिंचोके मागून बघा. कोण मोजून सातावर थांबते, कोण थांबत नाही, ते मनात टिपून ठेवा. रागावू नका, घाई करू नका. जे थांबत नाही त्याच्याबरोबर रोज दहा मिनिटे बसा. पुढचा रस्ता आपल्याला ते मूलच दाखवील.